वेबसाइट किती रुंदीची आखावी? १३६६, १४४० की थेट १९२०?

रामबागी | मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, इथे वेबसाइटची कामं करणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

इंदुरातल्या आमच्या मंडळाची वेबसाइट पार थकली आहे. नवी करायचं काम कार्यकारिणीने माझ्या गळ्यात घातलंय. मी व्यवसायाने अकाउंटंट, फिग्मा (पानं आखायचं सॉफ्टवेअर) आणि सीएसएस (पानाची मांडणी लिहायची भाषा) हौसेने शिकलेलो. साइटवर हवं ते एवढंच: वर्षभराचे कार्यक्रम, सभासद नोंदणीचा अर्ज, सभागृह भाड्याने देण्याची माहिती, जुन्या स्मरणिका, आणि खरं तर निम्मे लोक ज्यासाठी येतात ते वधू-वर सूचक.

फिग्मात डेस्कटॉपची तयार चौकट १४४० पिक्सेल रुंदीची येते. तीच धरून मुखपृष्ठ आखलं, एचटीएमएल करून तीन पदाधिकाऱ्यांना लिंक पाठवली. अध्यक्षांनी ती २७ इंची मॉनिटरवर उघडली आणि विचारलं, "दोन्ही बाजूंना एवढी जागा मोकळी का सोडलीस? जागेला काय भाडं पडतं?" कोषाध्यक्षांचा लॅपटॉप जुना, १३६६ × ७६८ चा. त्यांना नुसता गणपतीचा फोटो दिसला, खाली आणखी काही आहे याचा पत्ताच नाही. सचिव ताईंनी फोनवर पाहिलं, तर मेनूतलं 'वधू-वर' पडद्याबाहेर.

प्रश्न साधा आहे. एकच रेझोल्युशन धरून आखायचं, तर कोणतं धरू?

---

पोहे_जास्त_शेव | रात्री १०:५२

१९२०. कारण अध्यक्ष.

---

सुपरकॉरिडॉर | रात्री ११:३०

पोहेसाहेब, 😀

रामबागी, तिघांचीही तक्रार खरी आहे, पण प्रत्येकाचं कारण निराळं आहे. पडद्यावरचे खरे ठिपके, ब्राउझरची खिडकी आणि सीएसएसचा पिक्सेल ही तीन वेगळी मापं आहेत. तुमच्या पानाला पडद्याच्या ठिपक्यांशी देणंघेणं नसतं. खिडकी किती सीएसएस पिक्सेल रुंद आहे, तेवढंच त्याला कळतं.

फोन घ्या. खोक्यावर १०८० × २४०० छापलेलं असतं. फोन तीन ठिपक्यांचा एक सीएसएस पिक्सेल धरत असेल, तर पानाला रुंदी मिळते ३६०. तोच १०८० चा पडदा दुसऱ्या फोनमध्ये २.७५ ने भागला जातो, मग ३९३. आणखी एखाद्यात २.६२५ ने, मग ४११-४१२. स्वस्तातल्या फोनचा ७२० चा पडदा दोनने भागून पुन्हा ३६० च. हा प्रकार सगळ्यांच्या डोळ्यांवर आला तो २०१० च्या आयफोन ४ मुळे: पडद्यावर ठिपके ६४०, पानाला मात्र आधीसारखेच ३२०.

लॅपटॉपची गंमत याहून मोठी आहे. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०. पण बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग (सगळं तेवढ्या पटीत मोठं दाखवणं) लावूनच येतं. १२५ ला पानाला मिळतात १५३६, आणि १५० ला १२८०. म्हणजे महागडा नवा लॅपटॉपवाला तुमच्या कोषाध्यक्षांच्या १३६६ पेक्षाही अरुंद खिडकीतून पाहत असू शकतो. '१९२० वाले वाढलेत, आता १९२० ला आखू' म्हणणारे इथेच फसतात.

कोषाध्यक्षांची अडचण रुंदीची नाहीच, उंचीची आहे. ७६८ मधून टास्कबार, टॅब, पत्त्याची पट्टी आणि बुकमार्क वजा करा, सहाशे-साडेसहाशे उरतात. गणपतीचा फोटो किती उंच ठेवलाय?

(अकाउंटंट आहात म्हणून सांगतो: ७६८ ला १६ ने गुणून ९ ने भागलं की १३६५.३३ येतात. ते वर ओढून १३६६ केलेत. त्याचे दोन भाग केले की ६८३, आणि ६८३ ही मूळ संख्या. कुठल्याही ग्रिडचा, म्हणजे पानाच्या समान उभ्या रकान्यांचा, जीव घेणारा आकडा.)

---

रामबागी | बुधवार, सकाळी ८:०५

फोटो ७२० उंच. 🙈 अपूर्णांकांबद्दल विशेष आभार.

पण मग आकडा कोणता धरू, ते राहिलंच की.

---

खिळेजुळणी | बुधवार, सकाळी ९:१५

सुपरकॉरिडॉर, तुमचं गणित मान्य. मी आयुष्यभर छापखाना चालवला. कागद डेमी की क्राउन, म्हणजे कोणत्या मापाचा, हे ठरल्याशिवाय जुळाऱ्याला केसला, म्हणजे खिळ्यांच्या पेटीला, हात लावू दिला नाही. 'येईल त्या मापाचं करा' अशी सूचना कामगाराला देता येत नाही. रामबागींनी विचारलंय ते रास्त आहे, चौकट आखायला आकडा लागतोच.

पूर्वी हे सरळ होतं. ८०० × ६०० चे दिवस होते तेव्हा पानाच्या तळाशी 'या रेझोल्युशनमध्ये उत्तम दिसेल' अशी पाटी असायची. मग १०२४ × ७६८ चे मॉनिटर घरोघरी आले आणि ९६० चं पान रूढ झालं. ९६० च का, तर १०२४ मधून स्क्रोलबार वगैरे जाऊन ते मावतं, आणि ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १६, कशानेही भागा, बाकी शून्य. नेथन स्मिथ यांची ९६० ग्रिड सिस्टिम २००८ ची. छापखान्याची साइट मुलाने त्यावरच केली होती, अजून चालते. मधोमध पान, दोन्हीकडे मोकळं. त्या मोकळ्या जागेला समास म्हणतात असं अध्यक्षांना माझ्यातर्फे सांगा.

---

सुपरकॉरिडॉर | बुधवार, सकाळी ९:४०

काका, ती साइट फोनवर कशी दिसते?

---

खिळेजुळणी | बुधवार, सकाळी ९:५८

लोक दोन बोटांनी मोठी करून वाचतात. कोणी तक्रार केलेली नाही.

---

सुपरकॉरिडॉर | बुधवार, दुपारी १:१०

तक्रार करत नाहीत, परत जातात. 🙂

ती दोन बोटांची सोय कुठून आली पाहा. २००७ चा पहिला आयफोन ३२० × ४८० चा. तेव्हाची पानं तुमच्यासारखीच ९६० च्या आसपासची. म्हणून फोनमधली सफारी 'पान ९८० रुंद आहे' असं धरून चालायची आणि आकसून दाखवायची. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग ('पान फोनच्या खिडकीएवढंच रुंद धर' असं ब्राउझरला सांगणारी ओळ) लिहिला नाही, तर आजचा फोनही तेच करतो. (रामबागी, तुमच्याकडे तो टॅग आहे. नसता तर मेनू बाहेर न जाता सगळं पानच बारीक दिसलं असतं.)

छापील कागदाचे नियम वेबवर लादू नका, हे वेब डिझाइनवर लिहिणारे जॉन ऑलसॉप यांनी २००० सालीच लिहिलं होतं. त्यासाठी लागणारी हत्यारं नंतर आली. मे २०१० मध्ये वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी लवचिक ग्रिड, लवचिक चित्रं आणि मीडिया क्वेरी (खिडकीच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारे नियम) या तिघांची मोट बांधून त्याला रिस्पॉन्सिव्ह म्हटलं. तेव्हापासून 'कोणत्या रेझोल्युशनला' याला माझं एकच उत्तर आहे: ३६० पासून सुरू करा आणि खिडकी ओढत ओढत रुंद करा. जिथे पान वाईट दिसायला लागेल तिथे मांडणी बदला. तो आकडा तुमचं पान सांगेल, फोन कंपनी नाही.

---

विजयनगर_फ्रीलान्स | बुधवार, दुपारी १:३२

अरे भिया, एवढा विचार कशाला. बूटस्ट्रॅप, म्हणजे मांडणीचा तयार सीएसएस संच, टाका. ५७६, ७६८, ९९२, १२००, १४००. मांडणी कुठे बदलायची ते आकडे, म्हणजे ब्रेकपॉइंट, ठरलेले, विषय संपला. दुकानदार घासाघीस करून साइट मागतात, त्यांच्यासाठी कोण बसून खिडकी ओढत बसणार?

---

सुपरकॉरिडॉर | बुधवार, दुपारी १:४५

दुकानाच्या साइटला चालेल, नाही म्हणत नाही. पण त्या आकड्यांना रामबागींचा मेनू माहीत नाही. 'वधू-वर सूचक मंडळ', 'सभागृह आरक्षण', 'स्मरणिका', 'सभासद नोंदणी' हे सगळं एका ओळीत ८४० ला मोडत असेल, तर ७६८ ते ८४० या पट्ट्यात मेनू मोडकाच राहणार. टॅबलेट उभा धरणारे नेमके तिथेच असतात.

---

विजयनगर_फ्रीलान्स | बुधवार, दुपारी १:५०

मग मेनूतले शब्द कमी करा ना!

---

रामबागी | बुधवार, दुपारी २:१५

'मंडळ' काढलं तर अध्यक्ष मला काढतील.

---

बडोदेकरीण | बुधवार, रात्री ९:२०

उशिरा आले धाग्यावर. मी बडोद्याला डिझाइन शिकले, काम जास्त करून गुजराती आणि मराठी साइटचं. काका आणि सुपरकॉरिडॉर भांडतायत, पण मला दोघांचं पटतंय.

काका, तुमचं ९६० चं पान मोठ्या पडद्यावर वाचायला बरं वाटतं, कारण त्यात ओळ बेताची राहते. ओळ पडद्याबरोबर १९०० पर्यंत पसरू दिली, तर पुढची ओळ कुठे सुरू होते ते डोळ्याला सापडत नाही. तेव्हा आकडा जरूर ठरवा, पण मजकुराच्या रकान्याचा. मराठीत दहा-बारा शब्दांची ओळ मला बरी वाटते. रकान्याची कमाल रुंदी साधारण ३६ ते ४० रेम (पानाच्या मूळ अक्षराच्या आकाराची पट) ठेवते. इंग्रजी लेखांत 'सीएच' हे एकक वापरायला सांगतात, ते इथे नका घेऊ. ते इंग्रजी '0' या आकड्याच्या रुंदीवरून मोजलं जातं, आपल्या अक्षरांशी त्याचा मेळ बसत नाही.

आता, ज्याबद्दल कोणी बोललंच नाही ते. ही साइट मराठीत आहे! इंग्रजी नमुना घेऊन त्यात मराठी मजकूर ओतला की तो हमखास मोडतो.

एक तर देवनागरी त्याच आकड्याला लहान दिसते. वर वेलांटी-रफार, खाली उकार, या सगळ्याला जागा देता देता मूळ अक्षर आकसतं. मी १६ ऐवजी १८ पासून सुरू करते. ओळींमधलं अंतर १.६ ते १.८. इंग्रजी नमुन्यांत मथळ्यांना १.१ दिलेलं असतं. त्यात दोन ओळींचा मथळा आला, की वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर जाऊन बसतो. आणि डब्याला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाईल ते लपव) असेल, तर रफार सरळ कापला जातो. 'सर्व' चं 'सव' झालेलं मी एका जाहीर पानावर पाहिलंय.

दुसरं, लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्य. थोडं जरी दिलं तरी शिरोरेषा तुटते. फॅशनेबल मथळ्यांच्या नादात लोक हे सर्रास करतात.

तिसरं, लांब शब्द. ३६० च्या फोनवर दोन्ही बाजूंची मोकळी जागा जाऊन सव्वातीनशे उरतात. त्यात मोठ्या अक्षरात 'स्नेहसंमेलनाध्यक्षांचे मनोगत' बसवून बघा. मावलं नाही, की तो एक शब्द सगळं पान आडवं सरकवतो. मथळ्याला 'क्लॅम्प' लावा, म्हणजे अक्षर खिडकीबरोबर लहान-मोठं होईल, आणि शिवाय ओव्हरफ्लो-रॅप, म्हणजे न मावणारा शब्द तुटून खालच्या ओळीत जाईल. त्याहून बरं म्हणजे 'संमेलनाध्यक्षांचे मनोगत' लिहा.

फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. पानाला भाषा 'एमआर' (मराठीचा संकेत, mr) लावा, नोटोमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आपोआप येतात. नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात आणि स्मरणिका समितीतलं कोणीतरी नक्की पकडतं.

---

खिळेजुळणी | बुधवार, रात्री ९:४५

ताई, 'सव' वाचून जीव गेला. रफार तुटण्याचं दुःख आम्हाला शिशाच्या खिळ्यांपासून ठाऊक आहे. रकान्याची रुंदी ठरवायची हे मात्र आमच्या धंद्यातलंच निघालं, त्याची नोंद घ्यावी.

---

पोहे_जास्त_शेव | बुधवार, रात्री ९:५०

वाचनखूण साठवली. आता अध्यक्षांचं काय?

---

बडोदेकरीण | बुधवार, रात्री १०:१०

त्यांची तक्रार उडवून लावू नका. २७ इंचांवर मधोमध एकच सडपातळ रकाना आणि दोन्हीकडे पांढरं शुभ्र, हे खरंच ओकंबोकं दिसतं. मजकुराचा रकाना तेवढाच राहू दे. ११०० च्या पुढे जागा मिळाली की त्याच्या एका बाजूला महिन्याची दिनदर्शिका आणि दुसऱ्या बाजूला सूचना फलक आणा. फोनवर हेच दोन्ही मजकुराखाली जातील. गणेशोत्सवाच्या फोटोची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ द्या, उंची मात्र बेताची ठेवा, म्हणजे कोषाध्यक्षांनाही खालचं दिसेल. आणि फोटोच्या तीन-चार आकारांच्या प्रती करून 'सोर्ससेट' मध्ये द्या, म्हणजे ब्राउझर पडद्याला साजेशी प्रत निवडेल, नाहीतर अध्यक्षांच्या मॉनिटरसाठी केलेला जड फोटो सचिव ताईंच्या फोनवर उतरत बसेल.

---

लष्करकर | गुरुवार, सकाळी ७:३०

ग्वाल्हेरहून. आमच्याकडेही मंडळाच्या साइटचा खटाटोप होऊन गेलाय, म्हणून चार गोष्टी.

जुन्या साइटवर गूगल अ‍ॅनालिटिक्स असेल तर आधी ते उघडा. कार्यकारिणीतले तीन जण म्हणजे वाचक नव्हेत. त्यात 'स्क्रीन रेझोल्युशन' असा तक्ता मिळतो. फक्त तो पडद्याचं माप सांगतो, खिडकीचं नाही. मोठ्या मॉनिटरवर माणसं खिडकी अर्धी करून शेजारी एक्सेल उघडतात, ते त्यात दिसत नाही.

फोनवर उंचीला १०० व्हीएच (खिडकीची पूर्ण उंची) देऊ नका. पत्त्याची पट्टी आत-बाहेर होते आणि खालचं बटण तिच्यामागे लपतं. आता ही पट्टी हिशेबात धरणारी एसव्हीएच, डीव्हीएच ही एककं आहेत, ती वापरा.

अर्जातल्या रकान्यांचं अक्षर १६ च्या खाली नको. आयफोनवर त्यात बोट ठेवलं की पान आपोआप मोठं होतं आणि लोक गोंधळतात.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ३६० हा तळ धरू नका, ३२० धरा. अँड्रॉइडमध्ये 'डिस्प्ले साइझ' वाढवला की पानाला मिळणारी रुंदी कमी होते. ज्येष्ठ मंडळी अक्षरं मोठी दिसावीत म्हणून ते करतात, किंवा नातवाने करून दिलेलं असतं. वेबच्या सुगम्यतेच्या नियमावलीतही, डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, आडवं न सरकवता मजकूर ३२० रुंदीत वाचता यावा अशी अट आहे. १२८० च्या खिडकीत कोणी ४०० टक्के झूम केलं तर उरतात तेही ३२० च. म्हणजे एकदा ३२० सांभाळलं, की फोनवाले आजोबा आणि झूम करणारी आजी, दोघांचं काम होतं.

एमुलेटरवर, म्हणजे संगणकातल्या नकली फोनवर, भागत नाही. इंदुरात तर जेल रोडचा मोबाइल बाजार आहे, एखाद्या ओळखीच्या दुकानात चार फोन हातात घेऊन बघता येईल.

---

रामबागी | गुरुवार, सकाळी ८:२०

जेल रोडपेक्षा सोपं आहे. रविवारी सकाळी आमचा ज्येष्ठांचा गट छप्पन दुकानला पोह्यांसाठी जमतो. त्यांचेच फोन मागतो.

---

पोहे_जास्त_शेव | गुरुवार, सकाळी ८:२२

छप्पन? पोहे राजवाड्याला खावेत. छप्पन पाहुण्यांसाठी.

---

नियामक | गुरुवार, सकाळी ११:००

पोह्यांवरचे पुढचे सतरा प्रतिसाद 'खादाडी' विभागात हलवले आहेत. कृपया इथे रेझोल्युशनवरच बोलावे.

---

रामबागी | रविवार, दुपारी १२:४५

फोन पाहून आलो. लष्करकर, दंडवत. जवळपास निम्म्या फोनांत डिस्प्ले साइझ वाढवलेला होता आणि सेटिंगमध्ये असं काही असतं हेच बहुतेकांना माहीत नव्हतं. एका काकूंच्या फोनवर आमचं बोधचिन्ह आणि मेनूचं बटण एकमेकांवर चढलं होतं. वर काकू म्हणाल्या, "माझा फोनच जुना आहे रे, तुझी चूक नाही."

आता आराखडा असा: फिग्मात दोनच चौकटी, ३६० ची आणि १३६६ ची (उंची ६२० धरून). मधलं सगळं ब्राउझरमध्येच खिडकी ओढून बघणार. तपासताना ३२० आणि अध्यक्षांचा मॉनिटर. मेनू ८८० च्या खाली बटणात जातो, हा आकडा खरंच पानानेच सांगितला.

दोन अडचणी राहिल्या. वधू-वर सूचीला तक्ता आहे: नाव, जन्मवर्ष, शिक्षण, नोकरी, गाव, पत्रिका, अपेक्षा. सात रकाने ३६० मध्ये कसे बसवू? दुसरं, वार्षिक सभेत साइट सभागृहाच्या जुन्या प्रोजेक्टरवर दाखवायची आहे.

---

बडोदेकरीण | रविवार, दुपारी ३:१०

तक्ता फोनवर नकोच. एका स्थळाचं एक कार्ड करा: वर नाव आणि गाव, खाली बाकीचं, अपेक्षा 'आणखी पाहा' मध्ये. कार्डाची मांडणी कंटेनर क्वेरीने करा (ती खिडकीऐवजी डब्याची रुंदी बघते), म्हणजे तेच कार्ड बाजूच्या अरुंद सूचना फलकातही चालेल आणि मुख्य पानावरही. २०२३ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत ते चालतं. तरीही काही जणांना तक्ताच हवा असतो, आई-वडील तुलना करत बसतात. त्यांच्यासाठी रुंद खिडकीत तक्ता ठेवा, आणि तो आडवा सरकला तर त्याच्याच डब्यात सरकू दे, पानाला ओढू नये.

आणि एक अवांतर. जन्मवर्ष, नोकरी, पत्रिका हे सगळं गूगलला खुलं ठेवू नका. लॉगिनच्या मागे घाला.

---

विजयनगर_फ्रीलान्स | रविवार, दुपारी ३:३०

लॉगिनचं +१. कार्डांबद्दल, ठीक आहे, हे बूटस्ट्रॅपमध्येही होतं. 😛

---

लष्करकर | रविवार, संध्याकाळी ६:०५

प्रोजेक्टर जुना असेल तर बहुधा १०२४ × ७६८ चा निघेल, काकांचा आवडता आकडा. केबल लावली आणि 'डुप्लिकेट' निवडलं, की विंडोज दोन्ही पडदे एकाच मापाला आणू पाहतं. मग लॅपटॉपवरही १०२४ च होतात आणि तुमचे बाजूचे रकाने खाली पडतात. सभेत अध्यक्ष विचारणार, दिनदर्शिका कुठे गेली. तेव्हा 'एक्स्टेंड' ठेवा, ब्राउझरची खिडकी प्रोजेक्टरवर ओढून न्या आणि झूम ८० टक्के करा. १०२४ भागिले ०.८ म्हणजे १२८०, तिन्ही रकाने परत येतात. अक्षर मागच्या रांगेतून वाचता येतं का ते आदल्या दिवशी सभागृहात जाऊन पाहा, आणि नाही आलं तर १०० टक्क्यांवरच दाखवा, दिनदर्शिकेपर्यंत खाली सरकवून.